डाव्या बाजूचा सांधा

वळण घेताना डाव्या बाजूनं, खालून, कुणी बोटं मोडावीत तसा आवाज आला. एकदाच. दुसऱ्या कुणाच्या तो लक्षातही आला नसता. पण गाडीत तो एकटाच होता, आणि गेली एकतीस वर्षं त्याचं पोट असल्याच आवाजांवर चाललं होतं. विमा कंपन्यांसाठी तो अपघातातल्या गाड्या तपासायचा. गाडीभोवती एक फेरी मारायची, वाकून बघायचं, फोटो काढायचे आणि अहवालात लिहायचं: दुरुस्त होईल, किंवा दुरुस्तीत अर्थ नाही. पहिलं लिहिलं की मिस्त्री खूश, दुसरं लिहिलं की भंगारवाला. मालक कशानं खूश होईल हे मात्र एवढ्या वर्षांत त्याला कधी आधी ओळखता आलं नव्हतं. त्यानं स्टिअरिंग पुन्हा थोडं त्याच बाजूला वळवून पाहिलं. काही नाही. दाढेत कळ येऊन जावी आणि जीभ लावल्यावर दाढ शहाण्यासारखी गप्प बसावी, तसं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तो पुढे निघाला, पण पाय ॲक्सिलरेटरवर नुसताच टेकलेला होता, आणि कान खाली, पावलांपाशी जाऊन बसले होते.

गाडीला हल्ली सारखं काहीतरी होत असे. मागची काच एकदा आपोआप खाली गेली ती दोन दिवस वर येईना. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायचा, त्याचा अर्थ पुस्तकात बघावा तोवर विझायचा. सीटचं चामडं कोपऱ्यांवर तडकलं होतं. लांब, रुंद, राखाडी रंगाची ही गाडी, तिच्या उमेदीत, कारखानदार आणि बडे डॉक्टर घ्यायचे तसली. त्याच्या धंद्यातल्या कुणाकडे अशी गाडी नव्हती. पूर्वी तो कामाच्या ठिकाणी पोचला की वॉचमन धावत येऊन फाटक उघडायचे. आता फाटक उघडतानाही ते मोबाइलमध्ये बघत असतात. एकदा एकानं विचारलं होतं, ‘काका, हिचे पार्ट मिळतात का अजून?’ त्यानं हसून ‘मिळतात’ म्हटलं होतं, आणि दिवसभर ते हसू त्याला चेहऱ्यावर वाळलेल्या साबणासारखं जाणवत राहिलं होतं.

त्या दिवशीचं काम एका छोट्या लाल गाडीचं होतं. मालकीण संगीताची शिक्षिका. खांबावर घासून एक बाजू पूर्ण चेपली होती. ती त्याच्यामागून गाडीभोवती फिरत राहिली आणि दर दोन पावलांनी विचारत राहिली, ‘होईल ना नीट?’ त्याला या प्रश्नाचा शीण आला होता. होईल म्हटलं तरी माणसं खट्टू होतात आणि नाही म्हटलं तरी. तो वाकला. गुडघा कुरकुरला. खालून बघितल्यासारखं करत तो तसाच थोडा वेळ बसून राहिला, कारण उठायचा कंटाळा आला होता. तिच्या पायांचे अंगठे समोर दिसत होते, अधीर, एकमेकांवर चढलेले. ‘होईल,’ तो खालूनच म्हणाला. ‘खरंच?’ ‘चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, काही नाही. वरवरचंच आहे.’ तिथून तो घरी गेला नाही. सरळ मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री त्याच्याच वयाचा. दोघांनी एकमेकांचे केस पांढरे होताना पाहिले होते, पण ‘साहेब’ आणि ‘मिस्त्री’ याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. मिस्त्रीनं गाडी लिफ्टवर घेतली. ती वर जाताना त्याला नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, ओळखीच्या माणसाला दवाखान्यात कपडे काढताना बघावं तसं. मिस्त्री बॅटरी घेऊन खाली गेला, चिखल खरवडला, एका जागी अंगठ्यानं पुसलं आणि हाक मारली. ‘साहेब, या इकडं.’ तो गेला. डाव्या पुढच्या चाकाच्या मागे, जिथे चासीचा एक तुकडा कापून दुसऱ्या गाडीचा जोडला होता, तिथे सांधा उघडला होता. केसाएवढी फट, वीतभर लांब, आतून तांबूस.

‘आपलाच जोड,’ मिस्त्री म्हणाला.

‘हो.’

‘एकोणीस वर्षं धरला म्हणजे वाईट नव्हता.’

‘पुन्हा जोडता येईल?’

मिस्त्रीनं बॅटरी विझवली. ‘येईल की. न जोडायला काय झालंय. पण आता आजूबाजूचा पत्राही दमलाय. दोन-तीन वर्षं ढकलाल. नाहीतर एक्स्चेंजला देऊन टाका, नवीन घ्या. शोरूमवाले खाली वाकत नाहीत. वरचं पॉलिश बघतात आणि चावी घेतात.’ मग हात पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता: ‘तोवर जोरात नेऊ नका. आणि त्या बाजूला कुणाला बसवू नका.’

त्या बाजूला कुणी बसत नसेच. तिथे त्याची बॅग असायची. बायको पहिल्यापासून मागे बसायची. पुढे बसलं की मळमळतं म्हणायची. मुलगी लहान असताना पुढे बसायचं म्हणून रडायची, तर बायको तिला ओढून आपल्याशेजारी घ्यायची. तो पुढे एकटा, त्या दोघी मागे. शेजारचे चिडवायचे, साहेबांना ड्रायव्हरची चांगली नोकरी लागली, मालकीणबाई बऱ्या दिसतात. तोही हसायचा. आरशात त्या दोघींचे चेहरे दिसायचे, तेवढं त्याला पुरायचं. मुलगी आता दुसऱ्या शहरात आहे, तिच्या छोट्या गाडीत ती कुठे बसते हे त्यानं कधी बघितलेलं नाही.

घराकडे जाताना तो डाव्या कडेनं, सायकलवाल्याच्या वेगानं निघाला आणि जे आठवायचं नाही ते आठवू लागलं. आठवणीचा एक भाग त्याला तोंडपाठ होता, कारण तो त्यानं स्वतःला अनेकदा सांगितला होता. दुपार होती. अपघातातल्या गाड्यांच्या यार्डात ही गाडी उभी होती, तेव्हा गडद निळी. डावी बाजू दारापर्यंत आत गेलेली. मालक त्याच बाजूला बसला होता आणि जागीच गेला होता. चालवत होती त्याची बायको. तीस-बत्तीस वर्षांची असेल. भावाचा हात धरून यार्डात आली, एक मनगट प्लास्टरमध्ये. यायची काही गरज नव्हती, सही घरीही घेता आली असती. तिनं गाडीकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं आणि कुणी न विचारता म्हणाली, ‘मी चालवत होते.’ मग म्हणाली, ‘ही परत रस्त्यावर येणार नाही ना?’ भाऊ म्हणाला, ‘तायडे, चल आता.’ ती हलली नाही. आणि तो म्हणाला, ‘नाही येणार, ताई. मी शब्द देतो.’ शब्द द्यायची त्याच्या कामात पद्धत नव्हती. पण तिचा चेहरा बघून कुणीही दिला असता. गाडी खरं तर दुरुस्त होण्यासारखी होती. इंजिन शाबूत होतं. त्यानं अहवालात तेही गेलं असं लिहिलं. दुरुस्तीत अर्थ नाही. माणुसकीपोटी केलेली एक लबाडी. पुढे ती गाडी भंगारात मिस्त्रीनंच घेतली, ताडपत्री घालून गॅरेजच्या मागे ठेवली. तो कामानिमित्त जायचा, ताडपत्री उचलून बघायचा, आणि मग एके दिवशी म्हणाला, ‘मिस्त्री, हिला उभी करता येईल का हो?’ रंग बदलायचा हेही त्यानंच सुचवलं. तोवर सहा महिने झाले होते. आधी दया, मग मोह. दोन वेगवेगळ्या गोष्टी, मध्ये सहा महिन्यांचं अंतर. हे अंतर त्यानं फार जपलं होतं.

पण त्या दुपारी तो यार्डात तासभर आधी पोचला होता. हे तो स्वतःलाही सांगत नसे. गाडीच्या उजव्या बाजूला काहीच झालेलं नव्हतं. त्या बाजूनं बघितलं तर मालक आता येईल आणि घेऊन जाईल अशी ती उभी होती. तो त्या बाजूला उभा राहिला. मागचं दार उघडलं आणि लावलं. धप्. जड, मऊ, पुस्तक मिटल्यासारखा आवाज. त्या वेळी त्याच्याकडे जी खटारा गाडी होती तिचं दार तीनदा आपटल्याशिवाय लागत नसे. त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग आत बसला. चालवणाऱ्याच्या जागी, शेजारच्या सीटकडे न बघता. दोन्ही हात चाकावर ठेवले. किती वेळ बसला होता? ती आली तेव्हा तो बाहेर होता, वहीत काहीतरी लिहीत होता, एवढं नक्की. पण तिला ‘नाही येणार’ म्हणताना तो दार लागल्याचा आवाज कानात होता की नव्हता, हे त्याला ठरवता येईना. शब्द तिच्यासाठी दिला होता, की गाडी भंगारात निघावी म्हणून? एकोणीस वर्षं हा प्रश्न तिथेच होता, वरून रंग मारलेला, आणि आता उघडला होता.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. संध्याकाळी घरी आली की आधी पाय कोमट पाण्यात टाकून बसते. ती तशी बसली असताना तो म्हणाला, ‘गाडीची चासी गेली. शोरूमला एक्स्चेंजला देऊ म्हणतो. मिस्त्री म्हणतात ते खाली बघत नाहीत.’

ती पाण्यात पाय हलवत राहिली. ‘आणि जो घेईल त्याला कोण सांगणार?’

‘काय सांगणार? जुनी गाडी आहे, बघून घेईल.’

‘ते नाही. त्या सीटवर माणूस गेलाय ते.’

नळ ठिबकत होता. तो उठला, नळ घट्ट केला, परत येऊन बसला. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘मिस्त्रींची बायको दुकानात यायची खोकल्याचं औषध न्यायला. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता बोलून गेली. तिला वाटलं मला माहीत असेल.’

‘मग इतकी वर्षं तू...’

‘मळमळायचं ते खोटं नव्हतं,’ ती म्हणाली.

‘बोलायचंस ना.’

‘काय बोलणार? तुम्ही ती गाडी घेऊन आलात त्या दिवशी बाहेरूनच मला हाक मारलीत. लग्न झाल्यापासून तशी हाक मारली नव्हतीत. म्हटलं, होईल सवय. मग उद्या बोलू, परवा बोलू. नंतर बोललं असतं तर एवढे दिवस गप्प का होते तेही सांगावं लागलं असतं.’ तिनं पाय बाहेर काढले, टॉवेलनं एकेक बोट पुसलं. ‘विका नाहीतर दुरुस्त करा. मला त्यात ओढू नका. पण कुणाला फसवून देऊ नका.’ मग ती आत गेली, आणि थोड्या वेळानं नेहमीच्या आवाजात विचारलं, भात लावू की पोळ्या करू. तो म्हणाला, काहीही. त्या ‘काहीही’नं त्याला स्वतःचीच दया आली आणि लगेच त्या दयेचाही वीट आला. आरशात दिसणारे ते दोन चेहरे आठवत तो बसून राहिला. एक चेहरा सगळा वेळ त्याच्या बॅगेकडे बघत असणार.

शोरूममध्ये गारवा होता आणि नव्या रबराचा वास. टाय लावलेला मॅनेजर गाडीभोवती एक फेरी मारून आला. ती फेरी बघूनच त्याला कळलं, या माणसाला काही दिसत नाही. ‘काका, काय ठेवलीय तुम्ही. आजकालची पोरं दोन वर्षांत वाट लावतात. गिऱ्हाईक पण तयार आहे बघा. एका गृहस्थांना आईसाठी हवीय. आईचे गुडघे गेलेत, रुंद दार, मऊ सीट पाहिजे. पुढे बसवून रोज फिरवून आणायचं म्हणतात.’

‘खाली वाकून बघा,’ तो म्हणाला.

‘कशाला काका, फोटोत खालचं येत नाही.’

‘डाव्या बाजूला चासीचा सांधा उघडलाय. अपघात झालेली आहे. एक माणूस गेला होता.’

मॅनेजरच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसता कंटाळा आला, चांगली झोप मोडल्यासारखा. त्यानं आवाज उतरवला. ‘काका, हे तुम्ही बोलला नसता तर चाललं असतं. बरं, बोललात. मी ऐकलं नाही असं समजू. आमचा वेल्डर एक टाका मारेल. तुम्ही नवीन गाडीचा रंग सांगा.’ त्याच्यापुढे रंगांचं पुस्तक उघडलं गेलं. चकचकीत चौकोन, ओळीनं. निळ्याच्याच चार छटा होत्या. इतक्या सहज होत होतं सगळं. फक्त बोट ठेवायचं होतं. तो दमला होता, खुर्ची मऊ होती, आणि एवढी वर्षं दुसऱ्यांच्या लबाड्या पकडून पकडून त्याला हेही माहीत होतं की बहुतेक पकडल्या जात नाहीत. कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईचे सुजलेले गुडघे त्याच्या डोळ्यांपुढे आले, गाडीत शिरताना आधी आत वळणारे. त्यानं चावी उचलली. ‘गाडी द्यायची नाही,’ तो म्हणाला. मॅनेजर म्हणाला, ‘तुमची मर्जी.’ आणि पुस्तक मिटलं.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या: सांधा पुन्हा जोडून वापरायची, नाहीतर मोडीत काढायची. गाडी दुसऱ्या कुणाची असती तर अहवाल लिहायला पाच मिनिटं लागली नसती. पण त्याचं डोकं चालेना. चार दिवस तो बसनं कामावर गेला. पाचव्या दिवशी गाडी काढली आणि हळूहळू त्या रस्त्यानं निघाला, जो तो एकोणीस वर्षं टाळत आला होता. त्या बाईचं चष्म्यांचं दुकान तिथे होतं हे त्याला माहीत होतं. पाटीवरचं तिचं नाव वाचलं तेव्हाच कळलं होतं. त्या रस्त्यानं जायला लागू नये म्हणून तो कायम लांबचा वळसा घ्यायचा. आपण तिला विचारायला चाललो आहोत असं त्यानं मनाशी म्हटलं. ही गाडी ठेवायची की नाही हे ठरवायचा हक्क कुणाचा असेल तर तिचा.

दुकानात गर्दी नव्हती. ती काउंटरमागे एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होती. केस पिकलेले, आखूड कापलेले. मनगट सरळ, नीट जुळलेलं. तो नकळत तिकडेच बघत राहिला. ‘बसा ना,’ ती म्हणाली. ‘नंबर काढायचाय?’

त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, अहवालासारखं, क्रमानं सांगितलं. तासभर आधी पोचल्याचंही. सांगताना आपला आवाज इतका कोरडा का येतोय हे त्याला कळत नव्हतं. तिनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, ‘मी असं म्हणाले होते? रस्त्यावर येऊ देऊ नका म्हणून?’

‘हो. भाऊ होते तुमच्याबरोबर.’

‘मला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. भाऊ म्हणतो मी यार्डात गेले होते. मला तेही आठवत नाही.’ ती त्याच्याकडे बघत होती, डोळे तपासणारी माणसं बघतात तशी, डोळ्यांत नाही, डोळ्यांकडे. ‘तुम्ही हे मला आज का सांगताय?’

‘गाडीचं काय करायचं ते...’

‘ते मी सांगायचं?’

त्यानं मान खाली घातली. काचेच्या काउंटरमध्ये ओळीनं चष्मे मांडले होते, सगळे उघडे, सगळे त्याच्याकडे तोंड केलेले. ती उठून दारापाशी गेली, रस्त्यापलीकडे बघितलं. ‘ती का?’

‘हो.’

‘आमची निळी होती.’

‘रंग बदलला.’

ती बराच वेळ बघत राहिली. दुपारच्या उन्हात गाडी उभी होती, उजवी बाजू दुकानाकडे. ‘ह्यांना फार आवडायची,’ ती म्हणाली. ‘मला चालवायला द्यायचे नाहीत. त्या दिवशी मीच हट्ट केला.’ मग मागे वळली. आवाजात कठोरपणा नव्हता, पण पुढे बोलायला जागाही नव्हती. ‘तुम्हाला माझ्याकडून जे हवंय ते माझ्याकडे नाही. खरंच नाही. मला माझंच पुरतं.’ एक गिऱ्हाईक आत आलं, मुलाचा चष्मा तुटला म्हणून. तिनं चष्मा हातात घेतला, दांडी हलवून पाहिली आणि त्याला म्हणाली, ‘होईल. अर्ध्या तासानं या.’ ते वाक्य आपल्यासाठी नाही हे कळायला त्याला एक क्षण लागला.

बाहेर येऊन तो गाडीत बसला. रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. कुणी रागावलं नव्हतं, कुणी माफ केलं नव्हतं. सांधा जोडायचा तर जोडता येत होता, मिस्त्री आजही जोडून देईल. आणि उद्यापासून तो पुन्हा या आवाजाला कान लावून बसेल, पुढच्या एकोणीस वर्षांइतकं आयुष्य उरलं नसलं तरी. त्यानं गाडी चालू केली. ती पहिल्याच झटक्यात चालू झाली, एकदम शांत, आणि त्या शांतपणाचंच त्याला वाईट वाटलं. गाड्या मोडीत काढायचं यार्ड गावाबाहेर होतं. तो डाव्या कडेनं, सावकाश गेला. वळणं जपून घेतली. वाटेत त्यानं शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मागे टाकली आणि पहिल्यांदाच त्या सीटकडे नीट पाहिलं. चामडं तिथे कुठेच तडकलं नव्हतं. नव्यासारखं होतं.

यार्डातला कारकून पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. धंद्यातलाच माणूस, त्याला ओळखून होता. ‘साहेब, आज कुणाची आणलीत?’

‘माझी.’

कारकुनानं खिडकीतून बघितलं, ओठ पुढे काढले, आणि फॉर्म ओढला. मालक, नंबर, वर्ष असं भराभर लिहीत गेला. मग पेन थांबलं. ‘मोडीत काढायचं कारण काय लिहू? जुनी झाली, असंच ना?’

‘नाही,’ तो म्हणाला. आणि मग तो सांगायला लागला, सांध्याबद्दल, त्या फटीबद्दल, आजूबाजूच्या दमलेल्या पत्र्याबद्दल. कारकून पेन वर धरून ऐकत राहिला. चांगला माणूस होता, मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, ‘साहेब, रकान्यात एक शब्द मावतो.’

पंखा फिरत होता. बाहेर कुठेतरी पत्रा कापत होते.

‘अपघात लिहा.’

कारकुनानं पुन्हा खिडकीतून गाडीकडे पाहिलं. राखाडी, सरळ, धड उभी. मग त्याच्याकडे पाहिलं. लिहिलं. ‘अपघात लिहिलं की तारीख लागते,’ तो म्हणाला. ‘माहीत आहे?’

त्याला पाठ होती.